बंद खाचेतला नाद : शेफेर आणि आंरी

विसाव्या शतकातील प्रायोगिक संगीताचा इतिहास बहुधा एकेकट्या संगीतकाराच्या नावाने सांगितला जातो. परंतु मुद्रित आवाजांपासून संगीत घडवण्याची जी वाट पॅरिसमध्ये निघाली, ती पिएर शेफेर आणि पिएर आंरी या दोघांच्या स्वभावांत एवढे अंतर नसते, तर इतक्या लवकर रुळली नसती. शेफेर (१९१०–१९९५) हे फ्रेंच रेडिओतील अभियंते होते. १९४८ मध्ये त्यांनी बातिन्योल स्थानकावरील आगगाडीच्या इंजिनांचे आवाज तबकडीवर उतरवून त्यांतून एक छोटी रचना केली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती अन्य रचनांसह रेडिओवरून प्रसारित झाली. या पद्धतीला त्यांनी ‘म्युझिक काँक्रेत’, म्हणजे मूर्त संगीत, असे नाव दिले. कारण एरवी रचना आधी कागदावर स्वरलिपीत उतरते व मग वाजते, तर येथे प्रत्यक्ष कानी पडलेला आवाज हाच आरंभ होता.

तबकडीवरील खाच कडेकडून मध्याकडे सरकत जाते, आणि सुई एकाच जागी अडकली की ऐकणारा उठून ती पुढे सरकवतो. शेफेर यांनी नेमका हा दोषच हत्यार म्हणून वापरला. त्यांनी खाचेचे टोक तिच्याच आरंभाला जोडून ‘बंद खाच’ तयार केली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर एक फेरा जेमतेम पाऊण सेकंदाचा, आणि तोच तुकडा पुन्हापुन्हा ऐकताना तो कशाचा आवाज आहे हे विसरून कान त्यातील लय, पोत आणि चढउतार टिपू लागतो. घंटेच्या नादातून टोला पडण्याचा क्षण कापून टाकला, तेव्हा उरलेला नाद घंटेचा वाटेना, तो फुंकवाद्याच्या जवळ गेला. आवाजाची ओळख त्याच्या सुरुवातीत किती दडलेली असते, हे येथे कानांनी सिद्ध झाले, आणि या संगीताचा खरा शोध हाच म्हणावा लागेल.

संगीतकार ऑलिव्हिए मेसियां यांचे विद्यार्थी आणि तालवाद्यांत तयार झालेले आंरी (१९२७–२०१७) १९४९ मध्ये या कामात आले. शेफेर आवाजाची चिकित्सा करीत, तर आंरींच्या हातात वाद्य घडवणाऱ्याची आणि वादकाची धिटाई होती. दोघांनी मिळून रचलेली ‘एका एकाकी माणसाची सिंफनी’ १८ मार्च १९५० रोजी पॅरिसमध्ये प्रथम सादर झाली. श्वास, शीळ, गुणगुणणे, ओरडणे, पावले, दारावरची थाप, असा माणसाच्या अंगातून आणि अवतीभवती उमटणारा नाद हेच तिचे द्रव्य होते. वादकांऐवजी तबकड्या फिरवून ती ऐकवली गेली. पुढे १९५५ मध्ये नृत्यरचनाकार मोरिस बेजार यांनी तिच्यावर नृत्य बसवले, आणि प्रयोगशाळेतील हे काम रंगमंचावर पोहोचले.

मधल्या काळात तबकडीची जागा चुंबकीय फितीने घेतली. फितीला कात्री लावून तुकडे हवे तसे जोडता येऊ लागले, त्यामुळे काम सोपे झाले, पण दोघांतील मतभेदाला वावही वाढला. १९५३ मध्ये जर्मनीतील डोनाउएशिंगेन महोत्सवात त्यांच्या ऑर्फियसविषयक संगीतनाट्याला श्रोत्यांचा तीव्र विरोध झाला. १९५८ मध्ये आंरी रेडिओ सोडून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा स्टुडिओ उभारला. तेथेच १९६३ मध्ये त्यांनी दाराची करकर आणि सुस्कारा एवढ्यावर उभी राहणारी दीर्घ रचना सिद्ध केली. तीन वर्षांनी शेफेर यांचा ध्वनिवस्तूंवरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला, ज्यात आवाजाचा उगम व अर्थ बाजूला ठेवून निव्वळ आवाज ऐकण्याची रीत मांडलेली आहे.