अल्झायमरचे औषध नेमके काय करते?

घरातले बुजुर्ग नमाजमध्ये रकाती विसरू लागले, रोजच्या गल्लीत वाट चुकू लागले, की आपण 'वय झालं' म्हणून सोडून देतो. पण हा अल्झायमर असू शकतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्याचे सर्वात मोठे कारण अल्झायमर.

आजार काय?
जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये तो मांडला. मेंदूत पेशींच्या बाहेर अमायलॉइड आणि आत टाऊ नावाचे प्रथिन साचते. पेशी हळूहळू मरतात.

औषधे कोणती?
- डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन : आठवणीसाठी लागणारे ॲसिटिलकोलीन हे रसायन टिकवतात. काहींना थोडा फायदा होतो. मळमळ, जुलाब होऊ शकतात, नाडी मंदावू शकते. चक्कर आली तर लगेच डॉक्टरांना सांगा.
- मेमँटिन : ग्लुटामेटचा अतिरेक रोखते, आजार मध्यम किंवा जास्त असेल तर देतात.
- लेकॅनेमॅब, डोनानेमॅब : अमायलॉइड काढणारी सलाईनमधून दिली जाणारी औषधे. अमेरिकेत 2023 आणि 2024 मध्ये मंजूर झाली. फक्त सुरुवातीच्या टप्प्यात उपयोगी. लेकॅनेमॅबच्या 18 महिन्यांच्या चाचणीत घसरण सुमारे 27 टक्के मंदावली, थांबली नाही. मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून वारंवार एमआरआय लागतो.
- टाऊवरची औषधे अजून चाचणीतच आहेत.

म्हणजे आजार मुळापासून घालवणारे औषध आज नाही. कुणी 'पूर्ण बरा करतो' म्हणाले, तर शेत किंवा दागिने विकू नका.

आधी तपासणी
बी-12 ची कमतरता, थायरॉइड, डिप्रेशन यांमुळेही विसर पडतो, आणि त्यावर इलाज आहे. असोद्याहून जळगाव जवळच आहे. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आधी दाखवा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला. रोजा-नमाजचा मसला इमाम साहेबांना विचारा.

घरात
बीपी, शुगर सांभाळा, कमी ऐकू येत असेल तर मशीन लावा. तंबाखू सोडवा. चुकले तर वाद घालू नका. आई-वडिलांशी म्हातारपणी नरमीने बोलण्याचा हुकूम सूरह बनी इस्राईलमध्ये आहे. या आजारात तोच रोजचा इलाज आहे. आणि सगळा भार एकट्या सुनेवर किंवा मुलीवर टाकू नका, पाळ्या लावा.