तळटीप : ऑटोमॅटिक झेन

मारुती झेन १९९३ साली आली. पुढे निघालेल्या तिच्या ऑटोमॅटिक प्रकारात क्लचचे पेडल नाही, गिअर तीनच. इंजिन आडवे, गिअरबॉक्स त्याला लागूनच, जोर पुढच्या चाकांवर. अंधेरी-बोरिवलीच्या एस. व्ही. रोडवर रांगेत रखडून गिअरबॉक्सचे ऑइल तापते, करपते; मग गिअरचा दांडा ‘डी’त (ड्राइव्हमध्ये) टाकल्यावर गाडी क्षणभर अडते नि धक्का देते, उड्डाणपुलाच्या चढावर इंजिन नुसते ओरडते. २६ जुलै २००५ सारख्या पुरात पाणी आत शिरले, तर लाल ऑइल दुधट गुलाबी होते. कथेतला मेकॅनिक ‘गिअरबॉक्स बसला’ म्हणून मोकळा होतो, ही घाईच. पुष्कळदा ऑइल कमी असते किंवा ॲक्सिलरेटरकडून येणारी केबल सैल झालेली असते. डिपस्टिकला करपट वास असेल, तर मात्र त्याचे म्हणणे मानावे.