वंगण व गंजरोधन, मोटारगाडीच्या चासीचे
मोटारगाडीची चासी (खालचा सांगाडा) व सस्पेन्शन (चाके व चासी यांमधील धक्के शोषणारी जोडणी) यांची झीज आणि गंज रोखण्याची देखभाल. नाशिकच्या सातपूर भागातील महिंद्र कारखान्यात बोलेरो (२०००) व स्कॉर्पिओ (२००२) या शिडीसारख्या पोलादी चासीच्या गाड्या तयार होऊ लागल्या. नाशिकजवळच्या इगतपुरी-कसारा घाटात पावसाळ्यात अशा गाड्यांच्या तळाला चिखलपाणी सतत लागते. म्हणून ही देखभाल या भागात विशेष गरजेची ठरते.

वंगण : ग्रीस निपल असलेल्या सांध्यांत, विशेषतः प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये, ग्रीस गनने लिथियम ग्रीस भरतात. निपल आधी पुसतात, नाहीतर धूळ आत जाऊन सांधा घासतो. जुने, काळवंडलेले ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरतात. अनेक आधुनिक बॉल जॉइंट कायमचे बंद असतात. त्यांचे रबरी आवरण फाटल्यास सांधाच बदलावा लागतो. रबरी बुशांना खनिज तेल लावू नये. त्याने नैसर्गिक रबर फुगते व मऊ पडते.

गंजरोधन : पावसाळ्यापूर्वी तळ धुऊन पूर्ण वाळवतात, गंज घासून काढतात, प्रायमर लावतात व मग डांबरयुक्त, रबरयुक्त किंवा मेणयुक्त लेप देतात. ओलाव्यावर लेप दिल्यास पाणी आत अडकते आणि गंज आतून वाढतो. पाणी निचऱ्याची छिद्रे, ब्रेक डिस्क व सायलेन्सर लेपापासून मोकळे ठेवतात.