‘नळाला पाणी नाही’: रेडिओवरची तक्रार संशोधनात कशी ऐकायची?

फोन-इन कार्यक्रमावर प्रबंध लिहायचा म्हटलं की पहिल्या आराखड्यात एक वाक्य हमखास येतं: ‘या कार्यक्रमातून सामान्य माणसाचा थेट आवाज ऐकू येतो.’ तुमच्याही आराखड्यात ते असेल, तर त्यातल्या ‘थेट’ या शब्दाखाली आत्ताच रेघ मारा. श्रोत्याची तक्रार आपल्यापर्यंत पोचते ती किमान तीन चाळण्यांतून.

पहिली चाळणी नियमांची. 1960 च्या दशकात आकाशवाणीसाठी प्रसारण संहिता आली. राजकीय पक्षाचं नाव घेऊन हल्ला नको, केंद्र किंवा राज्य सरकारवर आक्रमक टीका नको, असं ती सांगते. आता विचार करा, या चौकटीत पाणीटंचाईची तक्रार कशी मांडता येईल? ‘अमक्या पक्षाने काम अडवलंय’ असं म्हणायची सोय नाही. मग उरतं ते ‘संबंधितांनी लक्ष द्यावं’. हा नुसता सभ्यपणा समजू नका, त्यामागे नियम आहे.

9 फेब्रुवारी 1995 ला सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचं. वाद सुरू झाला होता क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून! पण मालमत्ता सार्वजनिक ठरली म्हणून बोलणं मोकळं झालं, असं झालं नाही. 2001 पासून खाजगी एफएम केंद्रं आली, बातम्यांना मात्र मनाई राहिली. 2011 च्या धोरणात काही विषय ‘बातमी नव्हे’ म्हणून मोकळे केले गेले: वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, आणि वीज-पाण्याविषयीच्या सूचना. पण या सूचना कशा, तर स्थानिक प्रशासनाने दिलेल्या. ही अट दोनदा वाचा. इथे माहिती प्रशासनाकडून नागरिकाकडे येते. ‘सूचना आली, पाणी आलं नाही’ असं नागरिकाने उलट सांगण्याचा त्यात उल्लेखच नाही. पुष्कळ तक्रारी नेमक्या याच फटीत राहतात.

दुसरी चाळणी फोनची. 1991 मध्ये देशभरात मिळून साधारण 50 लाखच दूरध्वनी होते. त्यामुळे नव्वदच्या दशकातला कॉल ऐकताना आधी विचारा, फोन कुणाचा? घरचा, शेजाऱ्यांचा की पीसीओवरचा? पीसीओवर मीटर पळत असताना माणूस गाऱ्हाणं लांबवत नाही. तक्रारीची लांबी हासुद्धा पुरावाच.

तिसरी चाळणी स्टुडिओतली: कुणाचा कॉल घेतला, निवेदकाने कुठे थांबवलं, ‘धन्यवाद’ कधी म्हटलं.

या चाळण्या नीट दिसायला तुलना लागते. 2010 मध्ये छत्तीसगडमध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी ‘सीजीनेट स्वर’ सुरू केलं. हे रेडिओ केंद्र नव्हे, फोनवर चालणारं व्यासपीठ. तुम्ही मिस्ड कॉल द्यायचा, परत फोन येतो, आणि आपलं म्हणणं रेकॉर्ड करायचं, अगदी गोंडीतसुद्धा. इथे रेशन किंवा मजुरीची तक्रार सांगणारा माणूस शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा फोन नंबरही सांगतो आणि ऐकणाऱ्यांना विनंती करतो, ‘तुम्हीही यांना फोन करा.’ तक्रार तीच असली, तरी ‘संबंधित’ या शब्दाला इथे पत्ता मिळाला. अर्थात संदेश तपासणारे लोक इथेही आहेत. चाळणी गेली नाही, बदलली.

मग कामाला लागताना काय करायचं? थेट कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग जपलेलं असेलच असं धरू नका. क्यू शीट, ड्युटी रूमचं लॉगबुक, श्रोत्यांची पत्रं यांची चौकशी करा. कार्यक्रम करणाऱ्या आणि ऐकणाऱ्या लोकांच्या मुलाखती घ्या. रेकॉर्डिंग मिळालंच, तर ‘किती तक्रारी पाण्याच्या, किती रस्त्याच्या’ या मोजणीवर थांबू नका. प्रत्येक कॉलसाठी तीन रकाने करा: दोष कुणाला दिला, नाव घेतलं का, आणि वाक्य कुणी पूर्ण केलं, श्रोत्याने की निवेदकाने?

तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तो टाळू नका. बऱ्याचदा प्रबंधाचा खरा प्रश्न तिथेच सापडतो.