स्त्रियांमधील केसगळतीचे सामाजिक व मानसिक परिणाम

स्त्रियांमधील केसगळती म्हणजे आजार, औषधोपचार, संप्रेरकांतील बदल, कुपोषण किंवा आनुवंशिकता यांमुळे स्त्रीच्या डोक्यावरील केस विरळ होणे अथवा पूर्णपणे जाणे होय. वैद्यकीयदृष्ट्या बहुतांश प्रकारची केसगळती जिवाला धोकादायक नसते. मात्र तिचे मानसिक व सामाजिक परिणाम गंभीर असू शकतात. महाराष्ट्रात या परिणामांना एक विशिष्ट ऐतिहासिक पार्श्वभूमी आहे. केशवपनाच्या रूढीमुळे येथे स्त्रीच्या केसहीन डोक्याला दीर्घकाळ वैधव्याचा अर्थ जोडलेला होता. ही रूढी नामशेष झाली असली, तरी तो अर्थ भाषेत आणि लोकव्यवहारात पूर्णपणे पुसला गेलेला नाही.

भाषा आणि लोकसमजुती

टक्कल पडलेल्या पुरुषासाठी मराठीत ‘टकला’, ‘टकलू’ असे शब्द आहेत. ते थट्टेचे असले, तरी त्यांत अशुभाची छटा नाही. स्त्रीसाठी त्या तोडीचा साधा शब्द रूढ नाही. जो आहे तो ‘बोडकी’, आणि हा शब्द केशवपन केलेल्या विधवेसाठी हिणवण्याच्या अर्थाने वापरला जात असे. ‘बोडके’ या विशेषणाचा मूळ अर्थ केवळ ‘उघडे, आच्छादन नसलेले’ असा आहे. त्याचे स्त्रीलिंगी रूप मात्र शिवी होऊन बसले. आजारामुळे केस गेलेल्या स्त्रीला तिच्या अवस्थेचे वर्णन करण्यासाठी निर्दोष शब्दही सहज सापडत नाही, ही बाब दुर्लक्षण्याजोगी नाही.

याउलट लांब व दाट केस हे आरोग्य, तारुण्य आणि सौभाग्य यांचे लक्षण मानले गेले. वेणीफणी, अंबाडा, गजरा, हळदीकुंकवाच्या वेळी दिले जाणारे फूल या सर्वांसाठी केस गृहीत धरलेले असतात. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात तिच्या केसांची लांबी पाहण्याची पद्धतही अनेक समाजांत होती.

केस जाण्याला प्रत्येक वेळी हीन अर्थ असतो असे नाही. नाशिक जिल्ह्यात याची परस्परविरोधी उदाहरणे एकत्र आढळतात. नाशिक शहरातील गोदावरीवरील रामकुंड येथे दशक्रिया व श्राद्धविधींसाठी आलेल्या पुरुषांचे मुंडन हे नित्याचे दृश्य आहे. काही आठवड्यांत केस परत येतात आणि त्यावर कोणी चर्चा करीत नाही. स्त्रीबाबत धर्मशास्त्रावरील ग्रंथांत वेगळा नियम दिसतो. तीर्थक्षेत्री सधवेने केसांच्या टोकाचा दोन अंगुळे भाग तेवढा कापावा आणि विधवेने संपूर्ण मुंडन करावे, असे सांगितले गेले. याच जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात मांगीतुंगी हे जैन तीर्थक्षेत्र आहे. तेथील १०८ फूट उंच ऋषभदेव मूर्ती ज्यांच्या प्रेरणेने उभी राहिली, त्या ज्ञानमती माताजी या दिगंबर जैन आर्यिका आहेत. दिगंबर परंपरेत आर्यिका स्वतःचे केस हाताने उपटून काढतात. या विधीला केशलोच म्हणतात आणि तो पाहण्यासाठी श्रावक श्रद्धेने जमतात. स्वेच्छेने केसांचा त्याग करणारी स्त्री वंदनीय ठरते. ज्या स्त्रीचे केस तिच्या इच्छेविरुद्ध जातात, तिच्या वाट्याला मात्र हा आदर येत नाही.

केशवपनाची रूढी

पतीच्या निधनानंतर स्त्रीचे डोके भादरण्याच्या रूढीस केशवपन म्हणतात. महाराष्ट्रात ती प्रामुख्याने ब्राह्मण व काही अन्य उच्चवर्णीय समजल्या जाणाऱ्या जातींत होती. ज्या जातींत पाट लावण्याची, म्हणजे विधवेच्या पुनर्विवाहाची, प्रथा होती तेथे ती सामान्यतः आढळत नसे. बालविवाहामुळे विधवांमध्ये लहान मुलींचे प्रमाण मोठे होते आणि त्यांनाही या रूढीतून सूट नव्हती. डोके भादरलेली स्त्री ‘सोवळी’ म्हणून ओळखली जाई. तिला आलवण हे तांबडे लुगडे नेसून डोक्यावरून पदर घ्यावा लागे. मंगलप्रसंगी तिचे समोर येणे अपशकुन मानले जाई.

हा विधी एकदाच उरकणारा नव्हता. केस वाढताच न्हाव्याला पुन्हा बोलावले जाई, आणि एरवी परपुरुषासमोर येण्यास मनाई असलेल्या स्त्रीला त्याच्यापुढे डोके उघडे करून बसावे लागे. म्हणजेच ही मानहानी आयुष्यभर ठरावीक काळाने होत राही. आजारातील केसगळतीपेक्षा केशवपन या बाबतीत वेगळे आहे. आजारात केस परत येण्याची आशा असते. येथे केस परत येणे हाच दोष मानला जात होता.

या रूढीविरुद्ध एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आवाज उठू लागला. ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) या पुस्तकात विधवा व विधुर यांना लावल्या जाणाऱ्या वेगवेगळ्या नियमांवर कठोर टीका केली. गोपाळ गणेश आगरकर यांनी या प्रश्नावर सातत्याने लिहिले. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’ या कादंबरीतील यमूच्या केशवपनाचा प्रसंग मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांच्या स्मरणात राहिला. विधवेचे मन आतून दाखवणारे इतके प्रभावी लेखन मराठीत त्याआधी क्वचितच झाले होते.

सर्वांत व्यवहार्य पाऊल मात्र लेखकांनी नव्हे, तर नाभिक समाजाने उचलले. १८९० मध्ये मुंबईत सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते व कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा झाली आणि विधवांचे केस न भादरण्याचा निर्धार करण्यात आला. रूढी चालवण्यासाठी ज्या हातांची गरज होती, त्याच हातांनी दिलेला हा नकार होता.

पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले व पुढील वर्षी ते पुण्यास हलवले. तेथील विद्यार्थिनी गोदूबाई यांनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्या पुढे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांचे वैधव्यानंतर केशवपन झाले होते. हिंगणे येथील संस्थेचे काम करीत असताना प्रौढ वयात त्यांनी पुन्हा केस राखण्यास सुरुवात केली. ‘माझी कहाणी’ या त्यांच्या आत्मचरित्रात हा अनुभव आला आहे. केस राखणे हा सार्वजनिक निर्णय ठरावा, यावरूनच त्या काळी केसांचे सामाजिक वजन किती होते हे कळते.

विसाव्या शतकात ही रूढी क्षीण होत गेली. तरीही नाशिक, वाई, पंढरपूर यांसारख्या क्षेत्री आलवण नेसलेल्या वृद्ध स्त्रिया शतकाच्या मध्यानंतरही दिसत. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला व त्याच महिन्यात राज्य शासनाने त्याचे अनुकरण करण्याचे परिपत्रक काढले. त्या ठरावात कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे यांचा उल्लेख होता. केशवपनाची दखल घेण्याची गरज तोवर उरली नव्हती.

वैद्यकीय कारणे

दररोज सुमारे ५० ते १०० केस गळणे सामान्य मानले जाते. बाळंतपण, विषमज्वर, डेंग्यू, कोविड किंवा मोठा मानसिक आघात यांनंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळती बहुधा तात्पुरती असते. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार आणि पीसीओएस ही इतर वारंवार आढळणारी कारणे होत. आनुवंशिक प्रकारात स्त्रियांचा भांग हळूहळू रुंद होत जातो. कपाळाजवळची केसांची रेषा बहुतेक वेळा टिकून राहते. गोल चकत्यांमध्ये केस जाण्यास मराठीत ‘चाई’ म्हणतात. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवरच हल्ला करते. चाई संसर्गजन्य नसली, तरी ती लागते अशी समजूत प्रचलित आहे आणि त्यामुळे रुग्णाचा कंगवा व टॉवेल वेगळा ठेवला जातो.

मानसिक परिणाम

केसगळतीमुळे चिंता, नैराश्य, स्वतःविषयीचा कमीपणा आणि लोकांत मिसळणे टाळण्याची प्रवृत्ती निर्माण होऊ शकते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस कॅश व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आनुवंशिक केसगळती असलेल्या स्त्रियांना त्याच प्रकारची केसगळती असलेल्या पुरुषांपेक्षा अधिक मनस्ताप होत असल्याचे दिसून आले. पुरुषाचे टक्कल वयाचा भाग मानले जाते, तर स्त्रीच्या बाबतीत काहीतरी बिघडले आहे असे गृहीत धरले जाते.

गळती प्रत्यक्षात किती आहे आणि मनस्ताप किती होतो, यांचे प्रमाण जुळतेच असे नाही. फणीत अडकलेले केस मोजणे, न्हाण्याचे दिवस पुढे ढकलणे, मागून छायाचित्र काढू न देणे ही लक्षणे बाहेरच्यास दिसणारही नाहीत इतक्या विरळपणातही आढळतात. डोक्यावरून पदर घेणाऱ्या स्त्रियांना तो आडोसा मिळतो. परंतु त्यामुळे घरातल्यांनाही आजार उशिरा कळतो आणि उपचार लांबतात. ‘केसच तर आहेत, येतील परत’ हे सांत्वन बहुधा सद्हेतूने केले जाते. ते ऐकल्यावर स्त्री या विषयावर पुन्हा बोलत नाही.

शेगाव तालुक्यातील घटना

केसगळतीचे सामाजिक परिणाम एकाच वेळी अनेक गावांत दिसण्याचा दुर्मीळ प्रसंग डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात विदर्भातील बुलढाणा जिल्ह्यात घडला. शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा व आसपासच्या गावांत लोकांच्या डोक्याला प्रथम खाज सुटे. त्यानंतर केस हाताने ओढताच निघू लागत आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडे. १८ गावांतील सुमारे २७९ जणांना हा त्रास झाला. ‘टक्कल व्हायरस’ हे नाव पसरले व त्यामुळे भीतीत भर पडली. हा परिसर पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातील असल्याने सुरुवातीस संशय पाण्यावर होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकांनी तेथे पाहणी केली.

महाड येथील डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे नमुने तपासले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षानुसार शिधावाटप दुकानांतून मिळालेल्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण नेहमीपेक्षा कितीतरी जास्त होते आणि रुग्णांच्या शरीरात जस्ताची पातळी घटलेली होती. काही आठवड्यांनी अनेकांच्या डोक्यावर पुन्हा केस येऊ लागले. पुढे याच भागात नखे गळण्याच्या तक्रारीही आल्या.

बाधितांत पुरुषही होते, परंतु बावस्कर यांच्या सांगण्यानुसार महाविद्यालयीन विद्यार्थी व तरुण मुलींची संख्या लक्षणीय होती. अनेकांच्या शिक्षणात खंड पडला आणि ठरलेली लग्ने पुढे ढकलावी लागली. काहींनी उरलेले केसही काढून टाकले. अर्धवट टकलापेक्षा पूर्ण गोटा त्यांना कमी लाजिरवाणा वाटला. गव्हातील दोष धान्यपुरवठ्याच्या व्यवस्थेचा होता. त्याची झळ मात्र लग्नाच्या वयाच्या मुलींच्या स्थळांना लागली.

कर्करोगावरील उपचार

केमोथेरपीच्या अनेक औषधांनी पहिल्या मात्रेनंतर दोन ते तीन आठवड्यांत केस जातात व उपचार संपल्यावर काही महिन्यांत परत येतात. आजाराची बातमी घराबाहेर जाऊ न देण्याची इच्छा असलेल्या स्त्रीला ही गळती उघडी पाडते. सधवा स्त्रीच्या गोटा झालेल्या डोक्याकडे पाहून घरातील वडीलधाऱ्यांना वाटणारी अस्वस्थता केवळ आजाराविषयीची नसते. काही स्त्रिया केस जाण्यापूर्वी स्वतःच ते कापून घेतात, त्यामुळे निर्णय आपल्या हाती राहिल्याची भावना टिकते. अभिनेत्री सोनाली बेंद्रे यांनी २०१८ मध्ये कर्करोगावरील उपचार घेताना केसविरहित छायाचित्रे स्वतः प्रसिद्ध केली आणि माध्यमांत या विषयावर मोकळेपणाने चर्चा झाली. रुग्णांसाठी टोप तयार करण्यास केशदान करण्याची प्रथाही शहरांतील तरुणींमध्ये रुजली आहे.

उपचार व आधार

रक्तातील लोह व थायरॉइडची तपासणी ही उपचाराची नेहमीची पहिली पायरी असते. आनुवंशिक गळतीत मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचे औषध वापरले जाते. त्याचा परिणाम दिसण्यास काही महिने लागतात व औषध बंद केल्यास लाभ टिकत नाही. तीव्र स्वरूपाच्या चाईसाठी बॅरिसिटिनिब या औषधाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. टोप, ओढणी वा स्कार्फ यांचा वापर उपचाराचाच भाग मानला जातो. मानसिक त्रास अधिक असल्यास त्वचारोगतज्ज्ञाच्या जोडीने समुपदेशकाची मदत घेतली जाते. ग्रामीण भागात केसगळतीसाठी प्रथम जडीबुटीची तेले विकणारे, किंवा करणी झाल्याचे सांगणारे देवऋषी गाठले जातात. त्यात गेलेला वेळ चाईसारख्या आजारात महत्त्वाचा ठरू शकतो.