दात सरकवणाऱ्या तारेतलं वेटोळं

दातांना तारा लावलेलं कुणी ना कुणी आपल्या ओळखीत असतंच. त्या तारेत कधीकधी एक छोटं वेटोळं दिसतं. डॉक्टर त्याला लूप म्हणतात. आजची गोष्ट त्या लूपची.

1928 साली अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी एजवाइज पद्धत मांडली. चौकोनी खाचेचं ब्रॅकेट आणि त्यात चौकोनी तार. दातावर ताबा छान मिळाला, पण तार जाड आणि ताठ. 1932 मध्ये ऑस्ट्रियाचे श्वार्झ यांनी सांगितलं, की दातावरचा दाब केशवाहिन्यांमधल्या रक्तदाबापेक्षा जास्त नको. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 20 ते 26 ग्रॅम. जास्त जोर लावला की मुळाशी रक्त पोचत नाही, दात अडून बसतो, कधी मूळही झिजतं. म्हणजे जोर लावून काम लवकर होत नाही, उलट बिघडतं.

इथे मला बीटेकला घोकलेलं सूत्र आठवतं. एका टोकाला पकडलेल्या दांड्याची लांबी दुप्पट केली, तर ताठपणा आठपट कमी होतो. तोंडात दोन ब्रॅकेटमधलं अंतर तर वाढवता येत नाही. मग तेवढ्याच जागेत जास्त तार बसवायची कशी? वर वळवून! लूपमुळे तार मऊ होते. दात थोडा सरकला तरी जोर एकदम पडत नाही, हळूहळू उतरतो.

पण जोर हलका झाला म्हणजे सगळं झालं का? नाही. ब्रॅकेट असतं दाताच्या दिसणाऱ्या भागावर, आणि दाताचा तोल सांभाळणारा बिंदू असतो मुळात, साधारण 10 मिलिमीटर आत. नुसतं ओढलं तर दात कलंडतो. सरळ उभा सरकवायचा असेल, तर त्याला उलट फिरवणारा जोर, म्हणजे मोमेंट, लागतो. 100 ग्रॅम ओढीला साधारण 1000 ग्रॅम-मिलिमीटर! साध्या उभ्या लूपमधून एवढा मोमेंट मिळत नाही. लूप उंच करावं, तर हिरडी आणि गालाला टोचतं.

हे कोडं चार्ल्स बर्स्टन यांनी धरलं. दंतवैद्य असून त्यांनी इंजिनिअरसारखी आकडेमोड केली. 1976 मध्ये त्यांनी कोएनिग यांच्यासोबत लूपच्या आकारांचा हिशेब मांडला. जास्तीची तार लूपच्या माथ्यावर आडवी पसरली, की उंची न वाढवता ओढ कमी होते आणि तिच्या तुलनेत मोमेंट वाढतो. हाच तो इंग्रजी टी अक्षरासारखा टी-लूप. राहिलेला मोमेंट तारेला आधीच कोन देऊन मिळवायचा. 1980 मध्ये गोल्डबर्ग यांच्यासोबत त्यांनी बीटा-टायटॅनियमची तार आणली. तिचा ताठपणा स्टीलच्या साधारण 40 टक्के.

आज बरेच डॉक्टर लूपऐवजी दात तारेवरून सरकवतात. तिथे वळणं घालायची कटकट नाही, पण घर्षण जोर खातं. दाताला नेमका किती जोर पोचला, हे सांगणं अवघड जातं. लूपमध्ये घर्षणाचा प्रश्नच नाही, पण वळण चुकलं तर दात भलतीकडे जातो. म्हणून मला वाटतं, या इतिहासातला खरा शोध तारेपेक्षा हिशेबाचा आहे: किती ओढायचं याच्याबरोबर किती फिरवायचं, हेही आधी ठरवायचं.