बग कोणाचा?

ऑफशोअरला काम केलेल्या प्रत्येकाने हे एकदा तरी ऐकलेलं असतं: "कोड तुमच्याकडून आलाय ना, मग बगही तुमचाच!" मग आपण मुकाट्याने स्पेक उघडून दाखवायचा. परवा असंच झालं आणि मला २००७ सालचं मॅटेल प्रकरण आठवलं. हो, बार्बीवाली मॅटेल.

२ ऑगस्ट २००७ ला मॅटेलच्या फिशर-प्राइसने डोरा, एल्मो वगैरे मंडळींची सुमारे १५ लाख खेळणी परत मागवली. रंगात शिसं सापडलं होतं. ती बनली होती चीनमध्ये, फोशानच्या ली देर कारखान्यात. मॅटेलने काम दिलं ली देरला आणि ली देरने रंग घेतला तिसऱ्याकडून. चीन सरकारने कारखान्याची निर्यात थांबवली. मालक झांग शुहोंग यांनी त्याच महिन्यात आत्महत्या केली.

१४ ऑगस्टला दुसरी घोषणा झाली. शिशाचा रंग असलेल्या काही खेळण्यांतल्या गाड्याही त्यात होत्या, पण मोठा आकडा वेगळाच होता: छोटी लोहचुंबकं असलेली जगभरातली सुमारे १ कोटी ८२ लाख खेळणी. मुलाने सुटलेली दोन चुंबकं गिळली, तर ती आतड्याच्या भिंती मधे चिमटून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडतं. भयंकर प्रकार!

आता गंमत बघा. शिसं तपासणीत पकडता येतं. रंगाचा प्रत्येक डबा तपासा, झालं. चुंबकाचं तसं नाही. ते निघू शकेल असं डिझाइनच मॅटेलचं होतं. कारखान्यातला माणूस ड्रॉइंगबरहुकूम काम करत होता. त्याने कितीही कसोशीने तपासलं असतं तरी माल पासच झाला असता. पण बातम्यांमध्ये दोन्हींवर शिक्का एकच, 'चिनी माल'. आणि एवढं प्लास्टिक समुद्रापलीकडे नेऊन शेवटी कचऱ्यात, ते वेगळंच.

२१ सप्टेंबरला मॅटेलचे वरिष्ठ अधिकारी थॉमस डेब्रोव्स्की बीजिंगला गेले आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. परत मागवलेल्यांपैकी बहुतेक खेळण्यांत दोष आमच्या डिझाइनचा होता, चिनी उत्पादकांचा नव्हे, असं त्यांनी कबूल केलं. नंतर कंपनीने थोडी सारवासारव केली म्हणा.

२००८ मध्ये अमेरिकेत नवा कायदा आला. लहान मुलांच्या वस्तूंची बाहेरच्या प्रयोगशाळेकडून तपासणी सक्तीची झाली. २००९ मध्ये मॅटेलला २३ लाख डॉलर दंड झाला. तो मात्र शिशाबद्दल.